उंच धुराड्याची गोधडी

गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या घरात जमीन माणसांची नसते. आमच्याकडे जेवणाचं टेबल म्हणजे कापड कापायची जागा, सोफा म्हणजे तुकड्यांचं गोदाम, आणि इस्त्री तापली की पहिला मान ठिगळांचा. नवऱ्याच्या शर्टाचा नंबर लागलाच तर लागतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांना सोडवून संध्याकाळी घरी येतो आणि स्वतः दारातच अडकतो, कारण पुढे पाय ठेवायला जागा नसते. एकदा कच्चे टाके घालताना मी त्याची पँट गोधडीला शिवून टाकली होती. पँटीत तोही होता. फोन घ्यायला उठला आणि अर्धी गोधडी पाठीमागे ओढत स्वयंपाकघरापर्यंत गेला. मी ओरडले ते गोधडीच्या काळजीने, याचा राग त्याला अजून आहे.

मी सकाळी प्राण्यांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. कुत्र्यामांजरांची नावं लिहून घेते, त्यांच्या मालकांना धीर देते आणि मधल्या वेळात टेबलाखाली मांडीवर ठिगळं जोडते. डॉक्टरीणबाईंना हे माहीत आहे. त्यांच्या कुत्र्याची गोधडी मीच शिवलेली आहे, त्यामुळे त्या काही बोलत नाहीत. दुपारनंतर घर, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि शिलाई मशीन. मुलगी चौदाची. तिला आम्ही ठकी म्हणतो आणि बाहेर कुणासमोर म्हणू नका म्हणून ती आमच्या हातापाया पडते.

आणि आमचे सासरे. आयुष्यभर नळ दुरुस्त केले. घरात कुणी काहीही विचारलं की त्यांचं पहिलं उत्तर "नाही." खिडकी उघडू का? नाही. चहा घेता का? नाही, मग अर्ध्या मिनिटाने, टाक थोडा. उजव्या कानामागे ऐकायचं यंत्र असतं. ठकीने त्यांना मिठी मारली की ते यंत्र बारीक शिट्टी मारतं आणि ते तिला म्हणतात, "सोड, गाडी सुटली." डाव्या कानाने त्यांना ढोलसुद्धा ऐकू येत नाही. घरात माझं त्यांच्याशी सगळ्यात जास्त जमतं, कारण माझ्या सगळ्या सुयांत दोरा ओवून देणारा हा एकच माणूस आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या नगरभवनात दरवर्षी हस्तकलेचं प्रदर्शन भरतं आणि मी दरवर्षी गोधडी पाठवते. मला दरवर्षी मिळतं उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे काय, ते ज्याला मिळालंय त्यालाच कळतं. पुढच्या वर्षी जरूर या, फार आशा मात्र ठेवू नका, असा त्याचा सरळ अर्थ. माझ्याकडे उत्तेजनार्थच्या इतक्या फिती साठल्या आहेत की त्यांची दुपट्याएवढी एक गोधडी निघेल. पहिला नंबर भूमितीबाईंचा. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचे त्रिकोण टोकाला टोक लावून असे उभे असतात की बघणाऱ्याने आपोआप पाठ ताठ करावी. पहिल्या नंबराची गोधडी वर्षभर नगरभवनाच्या दारासमोरच्या भिंतीवर लावतात. मी पाण्याचं बिल भरायला गेले की ती भिंत समोर येते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला ती भिंत हवी होती. उगाच मोठेपणा कशाला घेऊ, अगदी मनापासून हवी होती.

या वर्षी मी आमच्या गच्चीवरून दिसणारी छपरं शिवायला घेतली. पत्र्याची, कौलांची, सपाट, उतरती, त्यांच्यावरच्या टाक्या, छोटी धुराडी, वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध बंद पडलेल्या कारखान्याचं उंच धुराडं. धुराड्यांत मी जास्तीचा कापूस भरणार होते, म्हणजे ती वर उठून येतात, हाताला लागतात. सबंध भिंत झाकेल एवढी मोठी गोधडी. नवरा म्हणाला, "एवढ्यात तर लिफ्ट मावेल." मी म्हटलं, "मावू दे."

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी तीन थर एकत्र करायचा बेत ठरला. खाली अस्तर, मध्ये कापूस, वर छपरं. हे काम सपाट जमिनीवरच होतं आणि त्याला माणसं लागतात. सोफा जिन्यात गेला. टेबल न्हाणीघरात उभं राहिलं. वरच्या मजल्यावरचे वकील खाली उतरताना सोफ्यावर दोन मिनिटं बसून गेले आणि छान आहे म्हणाले. आम्ही चौघं गुडघ्यांवर. सासरे तर मधला भाग सारखा करायला सरळ पोटावर आडवे झाले आणि कापसावर कान टेकवून, एक डोळा मिटून पातळी बघू लागले. नळवाल्याची सवय, जाणार कुठे. "इथे फुगलंय," ते म्हणाले. "तिथे फुगायलाच हवंय बाबा, तिथे मोठं धुराडं येतंय," मी म्हटलं आणि आणखी कापसाचा गोळा त्यांच्या नाकापुढे ठेवला. मग वरचा थर पसरला. कच्चे टाके घातले. धुराड्यांच्या कडेने लगेच बारीक टाके घालून ती बंद केली, कारण भरलेला कापूस सरकतो. संध्याकाळी गोधडी उचलली आणि मी सगळ्यांना दरवर्षीचा, घरात सगळ्यांना पाठ असलेला दम भरला.

"परीक्षक मागची बाजूही बघतात. एक टाका उसवून परत घातलेला दिसला, तरी गुण जातात. तेव्हा आता या गोधडीला जो हात लावेल, त्याचं माझं नातं संपलं. घराला आग लागली तर आधी ही बाहेर काढायची, मग मला."

ठकी हसली. नवरा सोफा आणायला जिन्यात गेला. सासरे जमिनीवर हात फिरवत काहीतरी शोधत होते. मी विचारलं, "काय हरवलं बाबा?" ते गोधडीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. बाहेर आले ते कानटोपी घालून.

तो आठवडा आमच्या घराच्या इतिहासात लिहून ठेवावा असा गेला. सासऱ्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

सोमवारी नवऱ्याने भीतभीत विचारलं, "बाबा, तुमचं ते गच्चीवरचं गंजकं लोखंडी कपाट भंगारात देऊ?" याच कपाटावरून बापलेक महिनाभर अबोल्यात होते. सासरे म्हणाले, "बरं." नवऱ्याचा विश्वास बसेना. त्याने परत विचारलं, सासऱ्यांनी परत मान हलवली. कपाट त्याच दिवशी गेलं. ही बातमी ठकीला लागली. दवाखान्यात कुणीतरी एक पिल्लू सोडून गेलं होतं, एक कान उभा, एक पडलेला. त्याला घरी आणायला आजोबांचा सक्त विरोध होता. ठकी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, एका दमात सगळं बोलली आणि आजोबा म्हणाले, "बरं." ती दारातून अशी पळाली की चपला घरीच राहिल्या. मीही हात धुऊन घेतले. म्हटलं, "बाबा, तुमच्या खोलीत कापडाची दोन खोकी ठेवू?" "बरं." मी चार ठेवली.

"बाबा किती निवळलेत," नवरा म्हणाला.

"वय," मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं. "कानटोपीने डोकं शांत राहत असेल."

आम्हा तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की या माणसाच्या कानटोपीखाली एकदा बघावं. सुखात होतो ना आम्ही.

माझ्या मागे तर शिवणीचा धडाका होता. मशीनवर गोधडीचं ओझं पेलताना खांदे भरून आले. घरात अधूनमधून एक बारीक कूं असा आवाज यायचा. मी म्हटलं मशीनला तेल हवंय, तेल घातलं. नवरा म्हणाला फ्रिज. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढून मागची जाळी साफ केली. ठकी म्हणाली पिल्लू स्वप्नात रडतं. पिल्लू मात्र गोधडीपुढे बसून एकटक त्या मोठ्या धुराड्याकडे बघत बसायचं. मी त्याला म्हटलं, "तुला कळतंय रे, घरात तुलाच काय ती कलेची जाण आहे."

शुक्रवारी काठ शिवायचा राहिला म्हणून गोधडी दवाखान्यात घेऊन गेले. काठ हातानेच लावायचा असतो. टेबलामागे गोधडीचा ढीग मांडीवर घेऊन बसले, आणि समोरच्या बाकांवरचे झाडून सगळे कुत्रे माझ्याकडे बघायला लागले. काठाचा पुढचा भाग घ्यायला मी ढीग पोटाशी दाबला की सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे कलायच्या. सोडला की सरळ. मी दोनदा करून बघितलं. एका केसाळ म्हाताऱ्या कुत्र्याने मान वर करून गळा काढला, मग दुसऱ्याने साथ धरली, आणि पिंजऱ्यातला एक पोपट सगळ्यांना शिव्या द्यायला लागला. डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊन बाहेर आल्या.

"काय चाललंय?"

"गोधडी आवडली त्यांना," मी म्हटलं.

"मग ती आत ठेवा. एका मांजराने माझ्या खांद्यावर बस्तान मांडलंय."

मी गोधडी औषधांच्या खोलीत नेली आणि उरलेला काठ तिथे उभ्याने लावला. मनात म्हणत होते, कुत्र्यांनासुद्धा भावली, आता परीक्षकांची काय बिशाद.

रविवारी आम्ही चौघं नगरभवनात गेलो. पिल्लू घरी ठेवलं. दांड्यावर लटकवल्यावर माझी गोधडी पहिल्यांदा पूर्ण उलगडलेली मी बघितली. चांगली झाली होती. स्वतःच्या कामाला चांगलं म्हणू नये म्हणतात, पण सकाळच्या उन्हात गच्चीवरून दिसतात तशीच छपरं दिसत होती, आणि ते मधलं धुराडं तर हाताने धरावं असं. शेजारी भूमितीबाईंचे त्रिकोण होते. बाई माझ्या गोधडीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "या वर्षी तुम्ही मला घाम फोडलात," त्या म्हणाल्या. असं त्या कधी बोलत नाहीत. मला चक्क उडी मारावीशी वाटली.

परीक्षक दोघं होते. एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. दुसरे एक चित्रकार, दाढीला रंग लागलेला. बाईंनी मागची बाजू तपासली, काठ तपासला, कोपरे दुमडून बघितले. "स्वच्छ," त्या म्हणाल्या. चित्रकारांनी मोठ्या धुराड्यावर पंजा ठेवला आणि दाबला.

कूंऽऽ.

दोघं दचकले. चित्रकारांनी पुन्हा दाबलं. धुराड्याने पुन्हा शिट्टी मारली. चित्रकारांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"भोंगा," ते म्हणाले. "बाई, यांनी कारखान्याचा भोंगा घातलाय आत. बंद पडलेला कारखाना, आणि भोंगा अजून वाजतोय."

शिवणबाईंनी दाबून बघितलं. कूंऽऽ. त्या हसल्या, मग आजूबाजूचे हसले, मग रांग लागली. प्रत्येकाला एकदा भोंगा वाजवायचा होता. चित्रकार शिवणबाईंच्या कानाशी लागले आणि मला त्यांच्या ओठांवरचा "पहिला" हा शब्द स्पष्ट दिसला. नवऱ्याने माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. मी हसत होते, खूप हसत होते, आणि भोंगा आत कसा गेला याचा मला पत्ता नव्हता. देवाची देणगी म्हणून घ्यायची तयारी होती माझी.

मग मी सासऱ्यांकडे बघितलं. ते माझ्याच शेजारी उभे होते, कानटोपी घालून. सगळे हसत होते, आणि ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकाकडून दुसऱ्याकडे. सगळ्यांनी हसून घेतल्यावर, थोडं मागून, तेही हसले. कशाला हसायचं ते ठाऊक नसताना, माझ्यासाठी.

ती शिट्टी कुणाची, ते मला त्याच क्षणी कळलं. वर्षानुवर्षं ऐकत आले होते मी ती. मी हात पुढे केला आणि त्यांची कानटोपी काढली. कानामागे काही नव्हतं.

त्यांनी पटकन टोपी हिसकावून घेतली. "घरी गेल्यावर बघू," ते म्हणाले. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे अर्ध्या सभागृहाने ऐकलं. "आधी नंबर घे. मधोमध आहे ते. उसवलंस तर दिसेल."

"तुम्हाला रविवारपासून माहीत आहे?" मी विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

ठकीने तोंडावर हात ठेवला. नवरा खाली बघायला लागला. कपाट, पिल्लू, खोकी, सगळं तिघांच्या एकाच वेळी डोक्यात आलं. आठवडाभर आमच्यातला प्रत्येकजण त्यांच्याशी बोलला होता, आणि आम्ही काय बोललो हे त्या माणसापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या एका दमदाटीपायी. मला त्यांचा राग आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

खरं सांगायचं तर मी विचार केला. तासाभरात निकाल होता. तासाभराने काय बिघडणार होतं? शिवणबाई मला विचारत होत्या, "हा भोंगा वर्षभर टिकेल ना? भिंतीवर लावल्यावर लोक दाबणार." मी हो म्हणू शकत होते. नंतर आत काहीही भरता आलं असतं. पण निकाल सांगणारे गृहस्थ माईक ठाकठीक करायला लागले होते, आणि मला दिसत होतं पुढे काय होणार ते. माझं नाव पुकारणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि माझे सासरे लोकांच्या हातांकडे बघून थोडं मागून टाळ्या वाजवणार. ज्या नंबरसाठी त्यांनी आठवडा घालवला, तोच त्यांना ऐकू येणार नाही. तसा नंबर मला नको होता.

"कात्री आहे कुणाकडे?" मी म्हटलं.

"अहो बाई, निकाल लागायचाय," शिवणबाई म्हणाल्या. "आता हात लावलात तर नियमाप्रमाणे—"

"माहीत आहे मला नियम. भोंगा नाहीये तो. माझ्या सासऱ्यांचा कान आहे."

सभागृहातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग भूमितीबाईंनी पर्समधून बारीक टोकाची कात्री काढली. मला वाटलं आता खूश असतील. तर त्या गोधडीमागे गेल्या, अस्तर दोन बोटांनी ताणून धरलं आणि म्हणाल्या, "इथून घ्या, कमी फाटेल." सासरे "नाही, नाही" म्हणत माझा हात धरायला आले, नवऱ्याने त्यांना मागून कवेत धरून ठेवलं. मी धुराड्याच्या पाठीत कात्री घातली. दोन बोटं आत घालून कापूस उपसला. तिसऱ्या गोळ्याबरोबर ते यंत्र निघालं, केसाळ, तापलेलं आणि कूं कूं करणारं. चित्रकारांना फारच वाईट वाटलं. ते म्हणाले, "भोंगा म्हणूनच ठेवलं असतं तर."

मी यंत्र फुंकून, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसून सासऱ्यांच्या कानामागे लावलं. त्यांनी डोळे मिटले, बोटाने ते जागेवर बसवलं. एवढ्या गर्दीचा आवाज एकदम आत शिरला असणार, कारण त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ऐकू येतंय?" मी हळू विचारलं.

"येतंय. तू रडतेस का?"

"आजोबा," ठकी घाईने म्हणाली, कारण कबुली द्यायची तर आत्ताच, आईचं रडू चालू असेतो, हे तिला बरोबर कळतं, "पिल्लाला तुम्ही हो म्हणाला होतात."

"त्या पिल्लाला? मी?"

"आणि कपाट," नवरा म्हणाला. "तेही आताच सांगून टाकतो."

"कपाट?"

तेवढ्यात माईक खरखरला आणि सासरे वाचले, किंवा आम्ही वाचलो. सगळे गप्प झाले. मी सासऱ्यांचा हात धरून उभी होते. माझ्या गोधडीच्या पाठीतून कापूस लोंबत होता. तिसरा नंबर एका टोपल्या विणणाऱ्या गृहस्थांना गेला. दुसरा एका लाकडी घोड्याला. पहिला भूमितीबाईंना. त्या उठल्या, माझ्याकडे बघितलं आणि कधी नव्हे ते पाठ जरा वाकवून स्टेजवर गेल्या. मी सगळ्यांच्या मागून टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. ती भिंत मला खरंच हवी होती.

मग गृहस्थांनी घसा साफ केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि माझं नाव घेतलं. उत्तेजनार्थ. माईक नीट चालला नसेल म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, सावकाश आणि जास्त मोठ्याने सांगितलं.

सासरे माझ्याकडे वळले. "ऐकलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

"मला तुम्हाला पहिला ऐकवायचा होता हो बाबा."

"मलाही तोच ऐकायचा होता." त्यांनी माझा हात घट्ट धरला. गालाचा एक स्नायू हलला, मग दुसरा, आणि त्यांना हसू फुटलं. आम्हा सगळ्यांच्या आधी.